विजयदुर्गावर हेलियम सापडला नाही, मग तिथं घडलं काय?

पत्र : मी कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञानाच्या इतिहासातल्या नवलाच्या गोष्टी सांगत शिकवायची माझी पद्धत आहे आणि मुलांना ती आवडते. दर वर्षी नववीची सहल विजयदुर्गला नेते. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत, तिथं उभं राहून सांगते की १८ ऑगस्ट १८६८ला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं इथूनच सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. आमच्याकडे त्या तारखेला हेलियम दिनही होतो. यंदा एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “बाई, त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होता.” मी तिला गप्प बसवलं. घरी येऊन शोधलं तर काही ठिकाणी तिच्यासारखं लिहिलेलं, काही ठिकाणी माझ्यासारखं. सहकारी म्हणतात, गावाला एवढी एक अभिमानाची गोष्ट आहे, ती कशाला मोडायची? मला मात्र चैन नाही. आता न्यूटन, गॅलिलिओ, आर्किमिडीज, सगळ्यांच्याच गोष्टींवरचा विश्वास उडालाय. या गोष्टी सांगणं सोडून द्यावं का? आणि त्या मुलीला काय सांगू?

उत्तर :

नमस्कार बाई,

मुलीचं बरोबर आहे. १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियर विजयदुर्गला नव्हता, भारतातही नव्हता. तरी सहल बंद करू नका आणि गोष्टही सोडू नका. कारण हाच लॉकियर पुढं विजयदुर्गच्या किल्ल्यात खरोखर येऊन राहिला होता, ग्रहण पाहायलाच आला होता, आणि तुम्ही दाखवता ते ओटे त्याच मुक्कामाचे. फक्त साल १८९८चं. दोन ग्रहणांमध्ये तीस वर्षांचं अंतर आहे आणि लोकांच्या सांगण्यात ती दोन्ही एकमेकांत मिसळून गेली आहेत. या तीस वर्षांत जे घडलं ते तुम्ही आजवर सांगत आलात त्याहून कितीतरी विलक्षण आहे. ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या सहलीला तुमच्या हाताशी राहील.

१८६८चं ग्रहण मोठं होतं. भारतात काही ठिकाणी खग्रास अवस्था पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती. प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून पसरवलेला रंगांचा पट्टा, पाहून त्यातल्या रेषांवरून कोणती मूलद्रव्यं आहेत हे ओळखण्याची विद्या तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेनं लालसर ज्वाला बाहेर डोकावताना दिसतात, त्या कशाच्या बनलेल्या आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. वर्णपटदर्शक घेऊन त्यांच्याकडे पाहायची ही पहिली मोठी संधी होती.

ग्रहणाचा पट्टा अरबी समुद्रावरून आला, कोकण किनाऱ्यावर देशात शिरला आणि मछलीपट्टणच्या बाजूनं बंगालच्या उपसागरात उतरला. म्हणजे विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता, एवढा भाग तुमच्या गोष्टीतला खरा. पण तारीख पाहा. तो दिवस श्रावणातल्या अमावास्येचा. श्रावणात कोकणातलं आभाळ कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. जहाजानं महिनोन्‌महिने प्रवास करून, नाजूक यंत्रं सांभाळत आलेला माणूस त्या दिवसात कोकण किनाऱ्यावर कशाला बसेल? मोठ्या मोहिमा घाटाच्या पलीकडं आणि थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेल्या. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता. ब्रिटिशांचा मेजर टेनंटही तिथंच होता. मद्रास वेधशाळेचा प्रमुख पॉगसन मछलीपट्टणला होता आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी आपली तुकडी घेऊन हैदराबाद संस्थानातल्या वनपर्तीला गेले होते. कॅप्टन हेग विजापूरला होता.

आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल होता जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. या जमखंडीवर थोडं थांबा, कारण अभिमानासाठी आपल्या बाजूचं गाव हवं असेल तर हेलियमच्या गोष्टीत ते इथं आहे. ग्रहणाच्या वेळी जमखंडीवरही ढग होते. ते मधूनच फाटले, तेवढ्यात हर्शेलनं यंत्राची फट एका ज्वालेवर धरली. त्याला तीन ठळक रेषा दिसल्या : एक लाल, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेषा सोडियमची, असं त्याला वाटलं. ती सोडियमची नव्हती. ती हेलियमची रेषा होती, आणि त्या दिवशी ती पाहणाऱ्या कोणाच्याही डोक्यात नव्या मूलद्रव्याचा विचार आला नाही.

ही चूक का झाली हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. प्रयोगशाळेतल्या बर्नरच्या किंवा घरच्या गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका. ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते. हा सोडियमचा रंग. वर्णपटात तिथं अगदी शेजारी शेजारी दोन रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. ग्रहणात दिसलेली रेषा ५८७.६ नॅनोमीटरची. म्हणजे फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. पाच-सहा मिनिटांचा वेळ, वर ढग, भोवती अंधार, हातात नवं यंत्र, आणि एवढा फरक ओळखायचा! पॉगसनला मछलीपट्टणला ही रेषा सोडियमच्या जागी किंवा तिच्या आसपास वाटली. त्यापलीकडं कोणी गेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही.

गुंटूरला जान्सेनचं आभाळ चांगलं होतं. त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण सुटता सुटताच त्याच्या मनात आलं, या पाहायला ग्रहण लागतंच कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं यंत्राची फट भर उन्हात सूर्याच्या कडेला लावली आणि त्या रेषा पुन्हा दिसल्या. त्याआधी सौरज्वाला पाहायच्या तर खग्रास ग्रहणाची वाट पाहायची आणि काही मिनिटांत काय हाती लागेल ते घ्यायचं, एवढंच माणसाच्या हाती होतं. जान्सेन पुढचे कितीतरी दिवस गुंटूरला बसून रोज त्या पाहत राहिला. माझ्या मते त्या ग्रहणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग लॉकियर कुठं होता? लंडनला. तो तेव्हा युद्धखात्यात कारकून होता आणि नोकरी सांभाळून घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा. ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा दिसू शकतील ही कल्पना त्यालाही सुचली होती, तीही जान्सेनच्या आधी. पण त्यासाठी लागणारं जास्त ताकदीचं यंत्र बनवून मिळायला खूप उशीर झाला. ते ऑक्टोबरमध्ये हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ला त्याला त्या रेषा दिसल्या. त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. जान्सेननं भारतातून पाठवलेलं पत्र समुद्रमार्गे तेव्हाच पोचत होतं. २६ ऑक्टोबरला अकादमीच्या एकाच बैठकीत दोन्ही बातम्या सांगितल्या गेल्या. दोघांनी एकमेकांना न कळवता, एक आंध्रातल्या उन्हात आणि दुसरा लंडनच्या धुक्यात, एकच युक्ती शोधली होती. फ्रेंच सरकारनं १८७२ मध्ये दोघांचे चेहरे शेजारी शेजारी घेऊन पदक पाडलं. भांडण व्हायला इतकी सोय असताना ते झालं नाही, हे मुलांना जरूर सांगा.

पण ते पदक हेलियमसाठी नव्हतं. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होतं. पिवळ्या रेषेचा तिढा पुढं सुरू झाला. लॉकियरच्या चांगल्या यंत्रात स्पष्ट दिसलं की ही रेषा सोडियमच्या जागी नाही, थोडी बाजूला आहे. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यानं प्रयोगशाळेत ती निर्माण करायचा प्रयत्न केला. हायड्रोजनवर वेगवेगळे दाब देऊन पाहिले. रेषा येईना. पृथ्वीवरचं कोणतंच द्रव्य ती देईना. मग सूर्यावर काहीतरी वेगळंच आहे, असं म्हणायचं धाडस करावं लागलं. हेलियम हे नाव लोकांपुढं जाहीरपणे आलं ते १८७१ मध्ये, विल्यम थॉमसनच्या म्हणजे पुढं लॉर्ड केल्व्हिन झालेल्या शास्त्रज्ञाच्या भाषणातून. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. कधी बाटलीत न भरलेलं, कधी कशाशी संयोग करून न पाहिलेलं मूलद्रव्य एका रेषेच्या भरवशावर कसं मानायचं? त्यांची शंका रास्त होती. लॉकियर मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

१८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघणारा वायू तपासत होता. त्याला त्यात आर्गॉन सापडेल असं वाटत होतं. वर्णपटात पिवळी रेषा दिसली, ती सोडियमच्या जागी नव्हती. त्यानं नमुने लॉकियरला आणि विल्यम क्रुक्सला पाठवले. रेषा जुळली. सूर्यावर पाहिलेलं मूलद्रव्य सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवरच्या दगडातून निघालं. हळहळ वाटते ती हिलब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाबद्दल. त्यानं काही वर्षं आधी तसल्याच खनिजातून हाच वायू काढला होता, आणि तो नायट्रोजन आहे असं समजून विषय सोडून दिला होता.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या. खग्रास ग्रहणाचा पट्टा पुन्हा कोकणातून वर चढून महाराष्ट्र ओलांडत जाणार होता. या वेळी पावसाची भीती नव्हती. लॉकियर एकसष्ट वर्षांचा, नुकताच ‘सर’ झालेला, ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाचा संस्थापक आणि संपादक, आणि ज्याच्या हेलियमवर लोकांनी इतकी वर्षं शंका घेतली तो हेलियम नुकताच हाती आलेला. तो विजयदुर्गला आला. ‘मेल्पोमिनी’ ही ब्रिटिश युद्धनौका मदतीला होती. किल्ल्यात तळ पडला. दुर्बिणी आणि कॅमेरे हलू नयेत म्हणून पक्के ओटे लागतात, ते तिथं बांधले गेले. आणि खलाशी? त्यांना रोज कवायतीसारखी तालीम देण्यात आली. कोणी प्रभामंडळाचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिक्या तेजाचं चित्र काढायचं, कोणी तारे टिपायचे, कोणी सावल्यांचे पट्टे पाहायचे, कोणी मोठ्यानं सेकंद मोजायचे. सुमारे दोन मिनिटांचा खेळ. त्यासाठी तोफा-दोर हाताळणाऱ्या माणसांच्या हाती पेन्सिल दिली. हे तुम्ही त्या ओट्यांवर मुलांना नाट्यरूपात करून दाखवू शकता : दोन मिनिटांचं घड्याळ लावा, प्रत्येकाला एक काम द्या आणि गडबडीत काय काय निसटतं ते पाहू द्या.

लॉकियरला आपला पश्चिम किनारा त्याआधीही माहीत होता. १८७१च्या डिसेंबरातलं ग्रहण पाहायला तो बेकलला, म्हणजे आजच्या केरळच्या उत्तर टोकाला आला होता. तिथंही समुद्राला लागून किल्ला आहे. आता विचार करा, भारतात ग्रहण पाहायला आलेला तोच माणूस, किनाऱ्यावरचे किल्ले, आणि ज्याच्या नावाशी हेलियम जोडलेला आहे असा तो साहेब. गावातल्या लोकांनी ‘हेलियमवाल्या साहेबानं इथं ग्रहण पाहिलं’ असं सांगितलं असेल तर त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढं कोणीतरी पुस्तकात हेलियमची तारीख पाहिली आणि ती ओट्यांना चिकटवली. आणि एकदा छापलं गेलं की ते पुन्हा पुन्हा छापलं जातं. तुम्ही शोधलंत तेव्हा दोन्ही प्रकारचं सापडलं ते यामुळे.

१८९८चं ग्रहण आपल्या बाजूनं तर फारच समृद्ध आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही जेऊरलाच होता. विदर्भात तळणीला अ‍ॅनी माँडर होती. तिनं आपल्या छोट्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा इतका लांब गेलेला किरण टिपला की तेवढा लांब तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. वर्गातल्या मुलींना हे नाव द्या.

तुमच्या सहकाऱ्यांना काय सांगायचं? त्यांचा मुद्दा मी हलका समजत नाही. छोट्या गावाला आपल्या मातीत जगाच्या इतिहासाचं काही घडलं असं सांगता येणं फार मोलाचं असतं, आणि ते काढून घेतलं तर माणसं दुखावतात. पण इथं काढून घ्यायचं काहीच नाही. १८ ऑगस्टचा हेलियम दिन ठेवा. त्या दिवशी ती रेषा पहिल्यांदा माणसांच्या डोळ्यांनी टिपली आणि ग्रहणाची सावली तुमच्या किनाऱ्यावरून गेली, हे खरंच आहे. त्यात २२ जानेवारीची भर घाला. तो विजयदुर्गचा स्वतःचा दिवस आहे. आभाळ स्वच्छ, मुलं शाळेत, वार्षिक परीक्षेला अवकाश. सहकाऱ्यांना म्हणा, लॉकियरनं विजयदुर्गच्या मुक्कामाचा सविस्तर अहवाल लिहिला, तो लंडनच्या रॉयल सोसायटीनं प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या गावाचं नाव शीर्षकातच आहे. एवढा पक्का पुरावा हाती असताना कच्च्या गोष्टीवर उभं राहायचं कारण काय? उद्या बाहेरून आलेल्या एखाद्यानं सगळ्यांसमोर तारीख खोडून काढली तर गाव तोंडघशी पडेल. आपणच दुरुस्त केलेलं बरं.

आता त्या मुलीबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिला खासगीत बोलावून “तुझं बरोबर होतं हं” म्हणू नका. तिला गप्प केलंत ते चारचौघांत, तेव्हा तिचं बरोबर होतं हेही चारचौघांत सांगा. परिपाठाला उभ्या राहा, दोन मिनिटांत सांगा की मी सांगत होते त्यात तारीख चुकीची होती आणि ती हिनं दाखवून दिली. फार लांबवू नका, भावुकही होऊ नका. मग तिला विचारा, “तुला हे कुठं सापडलं?” हा प्रश्न खरा विचारा, कारण उत्तर मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तिनं मोबाइलवर पहिलं दिसलं ते वाचलं असेल तर या वेळी तिचं नशीब चांगलं होतं. पुढच्या वेळी तीच पद्धत तिला चुकीचं सांगेल. तुम्हालाही शोधताना दोन्ही उत्तरं मिळालीच की.

म्हणून तिला एक सवय लावून द्या, सगळ्या वर्गालाच लावा. कोणतीही नवलाची गोष्ट ऐकली की विचारायचं : हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, आणि घडल्यावर किती वर्षांनी? या एका प्रश्नानं तुमच्या बाकीच्या शंकाही मिटतील. न्यूटनचं सफरचंद घ्या. म्हातारपणी न्यूटननं स्वतः विल्यम स्टकली या मित्राला सांगितलं होतं की झाडावरून सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार मनात आला. १८व्या शतकात स्टकलीनं ते लिहून ठेवलंय. म्हणजे ती गोष्ट सांगा, खुशाल सांगा. फक्त सफरचंद डोक्यावर पाडू नका, ते पुढच्यांनी पाडलंय. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट गॅलिलिओच्या शेवटच्या वर्षांतल्या शिष्यानं, विव्हियानीनं, गुरूच्या मृत्यूनंतर लिहिली. ती कच्ची. त्याऐवजी गॅलिलिओ उतरत्या पाटावरून कांस्याचे गोळे सोडायचा ते सांगा. सेकंद मोजायला घड्याळ नव्हतं, तर मोठ्या भांड्याच्या बारीक तोटीतून पडणारं पाणी पेल्यात धरायचं आणि त्याचं वजन करून वेळ काढायचा. एवढं तर शाळेत करता येतं, आणि मनोऱ्यापेक्षा मुलांना ते जास्त लक्षात राहतं. आर्किमिडीज नागडा धावला हे दोनशे वर्षांनी एका रोमन वास्तुकारानं लिहिलं, त्यामुळं ती हसण्यापुरती.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मुलांना गोष्टी खोडून काढण्याची चटक लागू देऊ नका. “हेही खोटं, तेही खोटं” म्हणण्यात चौदा-पंधरा वर्षांच्या वयात फार मजा येते आणि त्यातून हाती काही लागत नाही. ज्यानं गोष्ट खोडली त्यानं त्या जागी खरं काय घडलं ते आणलंच पाहिजे, असा वर्गाचा नियम करा. त्या मुलीनं “लॉकियर इंग्लंडात होता” म्हटलं, छान. मग हे ओटे कोणाचे, हे शोधायचं काम तिचंच.

आणखी कोणत्या गोष्टी सांगाव्यात म्हणाल तर माझी आवड सांगते. मुंबईची हवी असेल तर वाल्डेमार हाफकिनची सांगा, आणि पूर्ण सांगा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांना दिली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. ती सगळी एकाच बाटलीतली लस होती. खापर हाफकिनवर फुटलं, त्याला पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना हातातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुराव्यात होतं, तरी त्याचं नाव स्वच्छ व्हायला १९०७ उजाडलं. तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली म्हणून. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. लशीबद्दल शंका घेणारे आजही भेटतात, त्यांना ही गोष्ट लपवून नव्हे, सांगूनच उत्तर देता येतं : चूक कुठं झाली, ती कशी शोधली गेली, आणि लस कशी टिकली.

दुसरी ल जांतीची. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६१चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्याच्या चकतीवरून सरकताना, पाहायला पुदुच्चेरीकडे निघाला. वाटेतच कळलं की पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली. अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात, हलत्या जहाजावर, मोजमाप अशक्य. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी, म्हणून तो परत गेलाच नाही. १७६९ मध्ये पुदुच्चेरीत वेधशाळा बांधून तयार बसला आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. १७७१ मध्ये घरी पोचला तर तो मेला असं धरून वारस मालमत्ता वाटून घेत होते. मधल्या काळात तो तमिळ ज्योतिष्यांकडून ग्रहणाचं गणित शिकला होता, ते त्यानं लिहून ठेवलं. जान्सेनच्या गोष्टीलाही अशीच एक शेपटी आहे. १८७० मध्ये पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला असताना तो अल्जीरियातलं ग्रहण गाठण्यासाठी बलूनमधून शहराबाहेर उडाला. सुखरूप पोचला. ग्रहणाच्या वेळी तिथंही आभाळ भरलेलं. अशा गोष्टी जरूर सांगा. शोध लागले त्यांच्याच गोष्टी ऐकून मुलांना वाटतं की योग्य वेळी योग्य जागी उभं राहिलं की शोध लागतो.

शेवटचं, कामाचं. २ ऑगस्ट २०२७ला इजिप्त, अरबस्तानात खग्रास ग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर पश्चिमेकडं खंडग्रास दिसेल. आषाढातली अमावास्या, म्हणजे कोकणात ढगच. त्यामुळं १८६८च्या लोकांनी केलं तेच करा : एका जागेवर भरवसा ठेवू नका. घाटावरच्या कमी पावसाच्या भागातली एखादी शाळा आतापासून जोडून घ्या, जेऊरच्या बाजूची मिळाली तर उत्तम. दोन्हीकडं ग्रहणाचे प्रमाणित चष्मे मागवा, साध्या गॉगलनं किंवा एक्स-रेच्या फिल्मनं सूर्याकडं पाहू देऊ नका. ज्यांचं आभाळ मोकळं असेल त्यांनी दुसऱ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं. या जोडणीचं काम त्या मुलीकडं द्या. तेव्हा ती दहावी ओलांडून गेलेली असेल, तरी बोलावलंत तर येईल.